पहूरहून पळालेली क्रेन

त्या चोरीची आठवण निघाली की आजही मला आधी हसू येतं, मग जरा वाईट वाटतं. मी तेव्हा जामनेर तालुक्यात पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. पहूरचा एक ठेकेदार फिर्याद घेऊन आला. त्याच्या आवारातली जुनी क्रेन गेली होती, आणि सोमवारी तर ती भंगारात कापायची होती. अहो, मोटरसायकल चोरीला जाते. ताशी वीसच्या वेगाने चालणारं धूड भर दुपारी कोण पळवतो?

गुन्हा नोंदवला, सगळ्या ठाण्यांना कळवलं. तिसऱ्या दिवशी पिंपळनेरहून एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, तुमनी पिवळी क्रेन आठे वावरमा उभी शे." इथे शेतात उभी आहे म्हणे.

हवालदार पंचनामा करून आले. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, पूर्ण आत घेतलेला. हूक साखळीने बांधलेला. वर ताजं ग्रीस! चोर एवढी काळजी कशाला घेईल? माझा संशय घरच्याच माणसावर गेला.

क्रेनचे चालक साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. बोलावल्यावर आले, चहा घेतला, पण "घरीच होतो, साहेब" यापुढे शब्द नाही. मी चोरी बाजूला ठेवून क्रेनबद्दल विचारलं आणि गडी खुलला.

"पूर्वी जाळीचा बूम असायचा, साहेब. तुकडे ट्रकवर आणायचे, जोडण्यातच दिवस जायचा. मग ही आली. एकात एक चार पेट्या. लीव्हर ओढली की तेलाच्या दाबाने सरसर बाहेर! पहिल्या दिवशी लोक बाजार सोडून बघायला आले होते."

मी खडा टाकला. "चोराने हाल केले हो तिचे. पेट्या कोरड्या ठणठणीत."

"काय बोलता! चारही पेट्यांना मी माझ्या हाताने ग्रीस लावलं!"

बोलून गेले.

ठेकेदार शेजारीच होता. "चाचा, बापाच्या जागी तुम्ही. एकदा विचारायचं तरी!"

"तीनदा आलो होतो, भाऊ. कापू नका म्हणायला. तुम्ही फोनवर होता. हातानेच थांबा म्हणालात."

ठेकेदार माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, मला तक्रार पुढे न्यायची नाही." पुढे कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटलं. क्रेन कापली नाही, चाचांनीच ती परत आणली.

कामाला नावं ठेवलेली सहन न होऊन गुन्हा कबूल करणारा माणूस मला नोकरीत एकच भेटला, आणि तो मला फार आवडला. तेव्हापासून संशय घरच्या माणसावर असला की मी आधी फिर्यादीलाच विचारायचो, "तो तुमच्याकडे काही सांगायला आला होता का?"

बहुतेक जण म्हणायचे, "आला होता, पण तेव्हा मला वेळ नव्हता."