कौलं उतरवलेली घरं

उन्नती रडली असती तर विजयाला इतकी भीती वाटली नसती. रडणारं माणूस कधीतरी थांबतं, तोंड धुतं, भूक लागली म्हणतं. ही पोर ताटापुढे बसायची, भात कालवून ठेवायची आणि तशीच हात धुवायला उठायची. आज रविवार म्हणून घरीच होती. न्हाणीची कडी आतून लागली की विजया बाहेर उगीच बादल्या हलवत उभी राहायची.

उमरोळीच्या या घरात उन्नतीचं कौतुक फार. बाप विनोद तारापूरला कारखान्यात फिटर, आई विजया बी.ए. होऊन घर सांभाळणारी. लहानपणी दातिवऱ्याला मावशीकडे गेली की पोरगी वाळूवर काटकीने अख्खं गाव काढायची, कुणाची होडी कुठे लागते त्यासकट. पुढे भूगोल घेतला, संगणकावर नकाशे करायला शिकली आणि पालघरला एका कंपनीत कंत्राटावर लागली. भूकंप झाला, पूर आला की कंपनीचं ड्रोन उडायचं, वरून फोटो घ्यायचं आणि उन्नती एकेका घरावर रंग भरायची. लाल म्हणजे पडलेलं, हिरवं म्हणजे राहण्याजोगं.

"तुझ्या लेकीला वरून आमच्या पत्र्याची भोकंपण दिसत असतील गं," शेजारची शकू चिडवायची. विजया फुशारून जायची.

या पावसाळ्यात डोंगराकडच्या एका पाड्याला धक्क्यामागून धक्के बसले. माणसं शाळेत येऊन राहिली. जरा उघडीप मिळाली तसं ड्रोन उडालं, उन्नतीने रंग भरले आणि त्यावरून ठरलं: लाल घरांना तंबू, हिरव्यांनी आपापल्या घरी जावं. पाड्यावर एकट्या राहणाऱ्या तानीबाईचं घर हिरवं होतं. म्हातारी मुकाट घरी गेली. पुढे एका लहानशा धक्क्याने तिची मातीची भिंत बसली आणि कौलांसकट सगळं छप्पर तिच्या अंगावर आलं.

कंपनीने पाहणीला माणसं पाठवली, त्यांत उन्नतीही होती. तानीबाईचा मुलगा प्रदीप बोईसरला कामाला. आईच्या मातीला आला तो पाड्यावरच थांबला होता. त्याने उन्नतीला गाठलं.

"ताई, तुमी नकाशावाल्या ना? आमच्या आयचं घर हिरवं कसं काय?"

"वरून छप्पर नीट दिसत होतं, दादा."

"छप्पर नीटच व्हतं. भिंतीत हात जाईल येवढी भेग व्हती." त्याने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. त्याचे वासे उघडे होते आणि कौलं अंगणात रचून ठेवलेली. "धक्के चालू झाले का आमी पयली कौलं उतरवतो. डोक्यावर वजन नको. माझ्या आयची कोण उतरवनार? मी हितं नव्हतो."

"मग त्या परत घरात का गेल्या?"

"मशीननं हिरवं दिलं ना! आमाला वाटलं, मशीनला आतली भेगपन दिसते."

उन्नतीने पुन्हा त्या उघड्या वाशांकडे पाहिलं. असे वासे दिसले तिथे तिने लाल भरला होता. कौलं पडून गेली असतील असं धरून. ज्यांनी जपून कौलं उतरवली त्यांना तंबू मिळाले. ज्यांच्याकडे वर चढायला कुणी नव्हतं, त्यांच्या तडकलेल्या भिंतींवर कौलांचं ओझं तसंच होतं, आणि ती सगळी घरं नकाशात हिरवी होती. प्रदीपने तिचा नंबर मागून घेतला, आपलाही दिला. "काय समजलं तर सांगा, ताई."

हे सगळं तिने आईला आज दुपारी सांगितलं, भांडी विसळता विसळता, नळाकडे बघत.

"साहेबांच्या कानावर घातलंस?"

"घातलं. दिग्विजय सर म्हणाले, पुन्हा ड्रोन उडाल्याशिवाय नकाशा बदलता येणार नाही. ढग जाऊ दे. तोवर बाहेर एक शब्द नको. म्हणाले, बाई गेलीय, उन्नती, आणि त्या रंगापुढे तुझं नाव आहे."

पोलीस, कोर्ट, शेजारीपाजारी, सगळं एकदम विजयाच्या डोळ्यांपुढून गेलं. "बरोबरच सांगतात ते," ती घाईघाईने म्हणाली. "तू मुद्दाम केलंस का? ढग काय, आज ना उद्या जातील."

"आई, तिथे जमनाबाई आहे. नातवंडांना घेऊन अजून आतच झोपते. तिचीपण कौलं वरच आहेत."

बाहेर पाऊस एकसारखा लागला होता. थांबायचं नाव नव्हतं.

विजयाने पोरीकडे पाहिलं. विसळलेलंच पातेलं ती पुन्हा पुन्हा विसळत होती. नोकरी जाईल, चौकशी लागेल, लोक तोंडावर बोलतील. त्यातून माणूस निभावतं. पण ती दुसरी भिंत पडली, तर ही पोर आपल्या हाती लागायची नाही.

"फोन केलास त्या प्रदीपला?"

"लावते आणि कापते. तो विचारेल, रंग कुणी भरला."

विजयाने नळ बंद केला. "नंबर दे मला."

"आई, तू काय सांगणार?"

"आधी जमनाबाईला आणि पोरांना बाहेर काढ म्हणून सांगते. कौलं असलेल्या एकाही घरात कुणी झोपू नका म्हणते. मग तो विचारेल त्याचं उत्तर देते."

"माझं नाव सांगशील?"

"सांगेन," विजया म्हणाली, आणि ओले हात साडीला पुसून तिने फोन मागितला.