सुमनबाई आणि साहेबाचा खांब

बाजाराच्या दिवशी सुमनबाई भाजीची पिशवी घेऊन साहेबाच्या खांबासमोर थांबायच्या आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय साहेब, वाट कोणाला विचारून आलात?" कांदे विकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एखादी ओरडायची, "बाई, त्याला मराठी कुठं येतंय!" बाईंचं उत्तर ठरलेलं: "येत होतं गं. वाट विचारण्यापुरतं येत होतं."

बाई आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. खांब इंग्रजांच्या काळातला, काळ्या दगडाचा. कोकणात उतरणारा आमचा घाट या साहेबाने शोधून काढला, असं त्यावर कोरलं आहे. शोधून काढला! ज्या घाटाने आमची माणसं पिढ्यान्पिढ्या डोक्यावर हिरडा घेऊन उतरत होती आणि मीठ घेऊन चढत होती, तो घाट! बाई अख्खा वर्ग तिथे न्यायच्या, ती ओळ मोठ्याने वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, "यात कोण दिसत नाही?" आम्ही ओळ पुन्हा वाचायचो. मग त्याच सांगायच्या, "ज्याच्या डोक्यावर साहेबाची पेटी होती, तो."

माझ्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकंच जास्त यायची. साहजिकच, पुढे मोठेपणी चौक रुंद करण्यासाठी खांब हलवायचा विषय निघाला तेव्हा मी पेटलो आणि स्वतःच पत्रक काढलं: 'गुलामीचा खांब उखडून फेका!!!' पहिली प्रत बाईंना दिली. त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचली.

"भाषा फक्कड आहे. पण मी विरोधात."

"बाई, तुम्ही साहेबाच्या बाजूने?"

"अरे, खोटं बोलणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं की तो सुटला. मला तो इथेच हवाय, सगळ्यांसमोर. शेजारी आपला दगड बसवा. मग बघू दे त्याला."

मी जागच्या जागी फिरलो. नवं पत्रक, घरोघरी सह्या, चौकात सभा! गाव असं हललेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी नगरपंचायत तयार झाली. खांब चौकाच्या कडेला न्यायचा आणि शेजारी दुसरा दगड. मजकूर बाईंचा, एकच ओळ: 'साहेबाला ही वाट आमच्या माणसांनी दाखवली.'

पण बैठकीत मसुदा समोर आला, तर त्या ओळीखाली नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि झाडून सगळ्या सदस्यांची नावं! अक्षरं ओळीपेक्षा मोठी. नगराध्यक्ष संपत म्हणजे बाईंचाच विद्यार्थी. तो स्वच्छ म्हणाला, "नावं नसतील तर दगड होणार नाही."

मी बाईंच्या कानाशी लागलो, "पदरात पाडून घ्या. नावं कोण वाचतं?"

बाई उठल्या. "संपत, तुझं नाव घालू. मोठं घालू. आधी वाट दाखवणाऱ्यांची नावं घाल."

"बाई, ती कोणाला ठाऊक आहेत?"

"का ठाऊक नाहीत?"

संपत मसुदा चाळू लागला. बाईच पुढे म्हणाल्या,

"कारण दगडावर कोणाचं नाव जाणार, हे तेव्हाही खुर्चीत बसलेल्यानेच ठरवलं होतं."

संपतने मान खाली घातली, मग हसला. "बाई, तुम्ही अजून मार्क कापताय," म्हणाला आणि पेन काढून सगळ्या नावांवर आडवी रेघ मारली. मी बाकावर उडी मारायचाच राहिलो!

बाई आता नाहीत. पण अनावरणाचा तो दिवस आठवला की आजही छातीत हलगी वाजते. घाटावरच्या वाड्यांमधून माणसं टेम्पो भरभरून आली होती. साहेबाचा खांब दोन पुरुष उंच आणि आपला दगड गुडघ्याएवढा, रुंद, सपाट, म्हणून मी जरा खट्टूच होतो. संपतचं भाषण रंगलं होतं. तेवढ्यात वाडीवरची एक म्हातारी आली, डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि सरळ दगडावर बसली.

नगरपंचायतीचा शिपाई धावला. "ए म्हातारे, ऊठ! स्मारक हाय ते!"

बाई मंचावरून ओरडल्या, "बसू दे तिला! बुटका त्यासाठीच केलाय!"

म्हातारीने वर पाहिलं, हाताने दगड झटकला आणि जरा सरकून बसली. "मंग तू बी ये की. उन्हात कशापायी उभी हायस?"

बाई उतरल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. संपतचं भाषण अजून चालूच होतं.