गोल झाला तेव्हा आमचा संदेश चालत होता

माल्टा नावाच्या देशात झालेला एक गोल माझ्यामुळे कुणालाही टीव्हीवर दिसला नाही. मी फुटबॉल खेळत नाही, मला त्यातलं काही कळत नाही आणि माल्टाला मी आजवर गेलेलो नाही. मी इथे बहारीनला माहूजमध्ये राहतो आणि एसीची कामं करतो.

माझ्या चिपळूणच्या ताईचा मुलगा संदेश तिकडे एका टीव्ही चॅनेलवर आहे. देश आमच्या अर्ध्या तालुक्यात मावेल एवढा, पण फुटबॉलच्या स्पर्धा बारमाही आणि मॅच असली की टीव्हीवर! एवढं असून संदेशचं लग्न जमत नव्हतं. मुलगा परदेशात आहे, पण नक्की करतो काय, इथे प्रत्येक वेळी गाडी अडायची. ताई फोनवर रडकुंडीला आली. म्हणाली, आता तूच काहीतरी कर. आणि मी केलं!

इथेच जवळ हूरा भागात साळवींचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांची मुलगी प्राजक्ता दवाखान्यात रिसेप्शनला असते. स्थळ चांगलं होतं. साळवी म्हणाले, व्हिडिओ कॉल लावा, मुलगा बघून घेऊ. पण माझ्या जिभेला हाड नाही! "व्हिडिओ कॉल काय, कुणीही करतो हो. आमचा मुलगा शनिवारी थेट टीव्हीवर बघा. कपची फायनल आहे."

शनिवारी साळवी, त्यांची बायको, प्राजक्ता आणि तिची आत्या अशी मंडळी आमच्या सोफ्यावर बसली. माझ्या बायकोने, सुमनने, पोहे केले. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून मॅच लावली. सगळ्यांनी खेळाडू बघितले, पंच बघितला, मैदानात घुसलेला एक कुत्रासुद्धा बघितला. आत्याबाईंनी विचारलं, यातला आपला कुठला? मी म्हटलं, येईल आता. तेवढ्यात आमच्या कन्येने मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, ही इज द कॅमेरामन. ही इज बिहाइंड द कॅमेरा."

हे मला (देवाशपथ!) तोवर सुचलंच नव्हतं. टीव्हीत काम करणारा टीव्हीत दिसतो, अशी माझी साधी समजूत. एसीची कामं करणारा मी वर्षभर गच्चीवर उन्हात असतो, तरी हे डोक्यात येऊ नये?

साळवींची चुळबुळ सुरू झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन संदेशला फोनवर फोन लावले. हाफ टाइमला त्याने एकदाचा उचलला. सगळं ऐकून म्हणाला, "मामा, तुम्ही माझं वाटोळं करणार." पण ताईचं नाव काढल्यावर विरघळला. कॅमेरे एकूण तीन, त्यातला त्याचा एका गोलच्या मागे. त्याने डायरेक्टरला गाठलं. त्यालाही घरून लग्नाचा तगादा होता, तो तयार झाला. बॉल लांब गेला की मधल्या कॅमेऱ्याने संदेशला दाखवायचं ठरलं. मी फोन चालूच ठेवला.

आणि खरंच संदेश दिसला! टीव्हीभर! त्याने हात जोडले. साळवी वहिनींनी पदर सावरला. इथे खलास करायचं की नाही? पण आत्याबाई म्हणाल्या, "जरा चालून दाखवायला सांगा. मागच्या मुलाने बसल्या बसल्या उंची सांगितली होती."

मी फोनवर म्हटलं, संदेश, चाल बाबा. यल्ला, चल.

तो कॅमेरा सोडून जाळीच्या मागून चालू लागला. हळूहळू, खाली बघत, पहिल्यांदा साडी नेसलेल्या मुलीसारखा. बॉल परत कधी आला कुणास ठाऊक, पण एकदम प्रेक्षक उभे राहिले, कॉमेंटेटर बेंबीच्या देठापासून ओरडला, झेंडे नाचले आणि अख्ख्या माल्टाला टीव्हीवर दिसत होता आमचा संदेश, चालताना.

आत्याबाई म्हणाल्या, "तिकडे मान आहे हो त्याला."

मग तोच गोल पुन्हा दाखवायचा प्रयत्न झाला. संदेशच्या कॅमेऱ्यात निळं आभाळ आणि जाळीचा कोपरा होता. तिसरा कॅमेरा त्या वेळी प्रशिक्षकावर होता. फायनलचा तो एकुलता एक गोल! मारणाऱ्याची आई घरी टीव्हीसमोर बसली होती, हे संदेशने मला पुढे कितीदा ऐकवलं असेल. नोकरी राहिली, पण उरलेला मोसम त्याने केबल गुंडाळण्यात काढला.

आमच्या घरातही सामना संपल्यात जमा होता. काय झालं ते कन्येने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं (तेवढं मात्र मराठीत!). साळवी उठले. काम सोडून फिरणारा मुलगा आम्हाला नको, म्हणाले. आता ताईला काय तोंड दाखवू, या विचारात मी लॅपटॉपची वायर काढायला घेतली. तेव्हा प्राजक्ता पहिल्यांदा बोलली.

"पप्पा, आपण चाल म्हटलं म्हणून तो चालला. मागे एवढा गोंधळ झाला तरी थांबला नाही. मला पसंत आहे."

साळवी परत बसले. सुमनने चहा टाकला.

लग्न चिपळूणला धडाक्यात झालं. स्थळ जमवणारा मामा म्हणून मी नवा झब्बा घालून प्रत्येक विधीला नवरदेवाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. परवा लग्नाचा व्हिडिओ आला. त्यात भटजी आहेत, वाढपी आहेत, मांडवात शिरलेली शेजाऱ्यांची म्हैससुद्धा आहे. मी कुठेच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, मुंडावळ्या बांधता बांधता संदेशने शूटिंगवाल्याला एवढंच सांगितलं होतं, "मामा सोडून सगळं घे."