चारठाण्याच्या देवळातून दिसलेली गाडी

परवा नातवाच्या गाडीतून चारठाण्याची देवळं पाहायला गेले. गाभाऱ्यात पाऊल टाकलं आणि वटवाघळांचा तोच उग्र वास नाकात शिरला.

पहिल्यांदा इथं आले, तेव्हा निजामाचं राज्य संपायला आलं होतं. नवं लग्न झालेलं; मी, मालक आणि सासूबाई बैलगाडीनं देवदर्शनाला निघालो होतो. वाटेत आणखी एका गाडीची सोबत मिळाली. तिच्यात माझ्याच वयाची सून होती. दोन दिवसांत आमची गट्टी जमली. दर्शन उरकून त्यांची गाडी आधी निघाली, आणि तेवढ्यात गुरव धापा टाकत आत आला.

"जिंतूरच्या रस्त्यानं जाऊ नका. म्होरं वढ्यात बंदुकवाले बसलेत."

मी बाहेर धावले. गाडी त्याच रस्त्याला लागली होती, पण अजून हाकेच्या अंतरावर होती. ओरडणार, तोच सासूबाईंनी माझं तोंड दाबलं.

"गप! त्या बंदुकवाल्यायला आवाज गेला तर इकडं येतेल."

गाडीतल्या त्या सुनेनं वळून हसत हात हलवला. गाडी बाभळींआड गेली. त्यांच्यातलं कुणीच घरी परतलं नाही, हे पुढे कळलं.

सासूबाईंनी आम्हाला वाचवलं, असंच मी आजवर सांगत आले. पण माझ्या तोंडावरचा तो हात म्हातारीचा होता. मला तो सहज बाजूला करता आला असता.