पायाळू हौसाकाकूंची कळ

हौसाकाकूंना मी प्रथम पाहिलं, तेव्हा त्यांचा उजवा पाय आमच्या हेडमास्तरांच्या पाठीवर होता. साल सत्त्याऐंशी. रत्नागिरीकडच्या पालीजवळच्या शाळेत मी नुकताच बदलून आलो होतो. हेडमास्तर व्हरांड्यात पालथे पडले होते आणि काकू त्यांना दरडावत होत्या, "हलू नका मास्तर, उसण निघालीय ती परत फिरेल."

काकू पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, असं सगळं गाव मानायचं.

त्याच वर्षी गणपतीनंतर खुद्द काकूंनाच कळ धरली. कमरेतून निघायची ती मांडीमागून थेट पोटरीत. पोटरीला तेल चोळून बाटली संपली. त्यात लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर नातवंडाला न्हाऊ घालायचं, हे काकूंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आणि आता पाय लांब केला की किंकाळी!

स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावून पाहिला, तर कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आपटल्या. गावात दुसरी पायाळू एकच, त्यांची धाकटी जाऊ मैना. तिच्याशी फणसाच्या झाडावरून तीन वर्षं अबोला. शेवटी काकू मुकाट्याने तिच्या अंगणात जाऊन पालथ्या पडल्या.

"लाव पाय."

मैनाने लावला.

"अगो हळू!"

"माझे फणस उतरवलेस तेव्हा हळू होतीस?"

कळ दुप्पट झाली. मग हेडमास्तरांनी आणि मी काकूंना एसटीने रत्नागिरीला नेलं. बसवत नव्हतं, म्हणून त्या सबंध वाट उभ्या. मैनाही आलीच. "माझ्या लाथेनं गेली म्हणाल उद्या!"

डॉक्टरांनी काकूंना उताणं निजवलं आणि दुखरा पाय टाचेला धरून सरळ वर उचलला. काकू ओरडल्या आणि दुसरा पाय डॉक्टरांच्या बरगडीत बसला.

"डॉक्टर," हेडमास्तर म्हणाले, "तुम्हाला आता जन्मात उसण भरणार नाही."

डॉक्टर बरगडी चोळत हसले. "दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय. ती नस पोटरीपर्यंत जाते, म्हणून दुखतं तिथे. दुखणं मात्र कमरेत."

"म्हणजे तेल फुकट?"

"तेल फुकट. आणि लाथा बंद. वाकून ओझं उचलू नका, पडूनही राहू नका, थोडं थोडं चाला. गोळ्या देतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. पाय लुळा पडला किंवा लघवी अडली, तर मात्र तडक या."

"आणि नातवंडाची आंघोळ?"

"पाय लांब करून बसलात की नस ताणली जाते. सध्या नाही."

काकूंचे डोळे भरून आले. मैना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाय माझे घे. हुकूम तुझा."

तसंच झालं. मुलगी झाली. मैना पाटावर पाय लांब करून बसायची आणि काकू उभ्या राहून बजावायच्या, "मान धर! कानात पाणी जाईल गो!" दिवाळी उलटून गेल्यावर काकूंची कळ गेली, पण पाटावरून मैना काही उठली नाही.

आज काकू ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा सकाळचा चहा मैनाच्या पडवीत होतो.