चौथ्या बाजूची तुतारी

हिरोनिम पालुख या माणसाची बोगुमील स्रोकाशी अठरा वर्षं रोज गाठ पडायची, तरी बोगुमीलला त्याच्याबद्दल फारच थोडं माहीत होतं. हे त्याच्या ध्यानात आलं ते हिरोनिमला पुरलं त्या दिवशी चर्चमध्ये, आणि तेही मागच्या बाकावरच्या दोन बायकांची कुजबुज कानावर पडली म्हणून. युद्धाच्या काळात जर्मनांनी पोलंडमधल्या या झामोश्च शहराच्या आसपासची खेडी रिकामी केली, तेव्हा हिरोनिम चार वर्षांचा होता. त्याला आईपासून तोडून नेलं आणि मायलेकरं पुन्हा भेटली ती तीन वर्षांनी. दुसरी बाई म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या आंधळ्या माणसाची दाढी दर शनिवारी हाच करून द्यायचा. आता त्याची कोण करणार?

बोगुमीलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होता तो पावणेबाराच्या ठोक्याला दुकानात येणारा माणूस.

बोगुमीलचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मोठ्या चौकात, कमानींच्या सावलीत होतं. समोरच नगरभवन आणि त्याचा उंच मनोरा. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करता करता हिरोनिमची पाठ गेली, ती नोकरी सुटली आणि तो रोज दुपारी बाराला मनोऱ्यावर ट्रम्पेट वाजवायला लागला. तरुणपणी अग्निशमन दलाच्या बँडमध्ये होता म्हणे. वर चढण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ बोगुमीलच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी लावून घ्यायचा.

"तुमचं पुढे आहे की माझं मागे?" तो रोज विचारायचा.

"तुमचंच मागे आहे. गेली पाच वर्षं सांगतोय, नवीन घ्या."

"म्हणजे माझ्या घड्याळाला पाठीचा आजार, आणि तुमचा डोळा माझ्या खिशावर."

एवढं झालं की कांदा-खसखस लावलेल्या गोल पावाचा अर्धा तुकडा बोगुमीलच्या टेबलावर ठेवून तो जायचा. दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत. तिकडे अहोचं अरे व्हायला दोघांनी हातात हात अडकवून एकेक पेला घ्यावा लागतो. एकदा आपल्या नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, हिरोनिम छोटी बाटली घेऊन आला होता. "दुकान उघडं आहे हो, गिऱ्हाईक येईल. नंतर कधीतरी," बोगुमील म्हणाला होता. ते नंतर काही आलं नाही.

बाराची ती तुतारी तीनच दिशांना वाजते. शहर वसवणाऱ्या सरदाराचं आणि क्राकोवच्या राजाचं बिनसलं होतं, म्हणून पश्चिमेला, क्राकोवकडे, तोंड करून वाजवायचं नाही, असं गावात सगळे लहानपणापासून ऐकतात. खरं-खोटं कोणी तपासत नाही. पण तीन म्हणजे तीन.

एका सप्टेंबरात, बुधवारी, हिरोनिम आला तेव्हा त्याच्या हातात पाव नव्हता. घड्याळ लावता लावता तो खाली मान घालूनच म्हणाला, "यागोदाचं आज ऑपरेशन आहे. क्राकोवला. बाराला आत नेणार आहेत."

यागोदा त्याची एकुलती एक मुलगी. ती क्राकोवला असते आणि घरी येत नाही, एवढंच बोगुमीलला माहीत होतं. का येत नाही ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"मग तुम्ही इथे कसे?"

"बोलावलं नाही. शेजारणीकडून कळलं."

बोगुमीलला काहीतरी बोलायचं होतं. त्याने भिंग पुसलं. तोवर हिरोनिम निघून गेला होता.

बाराला तुतारी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. मग थोडा वेळ गेला, आणि चौथ्यांदा वाजली. मनोऱ्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून. नगरभवनाच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण फुलवालीचा हात पुडी बांधता बांधता थांबला, आणि कमानीखाली बुद्धिबळ खेळणारे दोघं म्हातारे वर बघत राहिले.

"राजाशी समेट झाला वाटतं," एक म्हणाला.

"चारशे वर्षांनी. घाई केली जरा," दुसरा म्हणाला.

गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तुतारीची व्यवस्था जुन्या शहराच्या प्रेमींचं एक छोटं मंडळ बघायचं. बोगुमील त्याचा सभासद होता, म्हणजे कोपऱ्यात बसून चहा प्यायचा. पुढच्या गुरुवारी मंडळाने हिरोनिमला बोलावलं. अध्यक्ष लिओकाडिया बाई. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, आणि निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"पालुख, मला एकच सांगा," बाई म्हणाल्या. "चुकून वाजवलंत की मुद्दाम?"

हिरोनिम टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"मुद्दाम असेल तर कोणाला विचारून?" औषधवाला सेवेरिन तापला. "उद्या तुम्ही वरून लग्नातली गाणी वाजवाल."

"लग्नातलीच वाजवत होतो आधी. पैसे बरे मिळायचे," हिरोनिम म्हणाला. कोणी हसलं नाही.

बाई बोगुमीलकडे वळल्या. "स्रोका, तुमचं दुकान मनोऱ्याच्या पायाशी. रोज भेटता यांना. तुम्हाला काय वाटतं?"

बोगुमील उभा राहिला. बाईंसमोर बसून बोलायची त्याला अजून सवय नव्हती. खरं कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं दुखणं चारचौघांत कसं काढायचं? आणि मुद्दाम वाजवलं असं म्हटलं तर याला काढून टाकतील. त्याला वाटलं, आपण मधला रस्ता काढू.

"मोजण्यात चूक झाली असेल," तो म्हणाला. "हल्ली जरा विसरतात ते. परवा चष्मा माझ्याकडेच राहिला. तीन झाले की दोन, नसेल राहिलं लक्षात. वय आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला, आणि बोगुमीलला क्षणभर हायसं वाटलं. चष्म्याची गोष्ट तर खोटीच होती. हिरोनिमने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं, असं बोगुमीलला पुढे कितीदा तरी वाटलं.

"असं आहे का, पालुख?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"असेल," हिरोनिम म्हणाला. "ते माझ्यापेक्षा चांगलं बघतात. भिंग आहे त्यांच्याकडे."

मग सगळे त्याच्याशी फार मायेने बोलू लागले. मनोऱ्याचे ते लाकडी जिने, हिवाळ्यात बर्फ, आणि विसरायला लागलेला माणूस एकटा वर. छे, मंडळ हे ओझं डोक्यावर घेणार नाही. महिनाअखेरीस निरोपाचा समारंभ ठरला. फुलं, केक, एक मानपत्र.

खाली उतरताना सेवेरिन बोगुमीलच्या शेजारी होता. "मुद्दाम वाजवलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि सोडून दिलं असतं. माणसाला कधी हुक्की येते. पण डोकंच चालेनासं झालं तर काय बोलणार?"

बोगुमील तिथेच थांबला. परत वर जावं, बाई अजून खोलीतच असतील, दोन वाक्यांत सांगून टाकावं. त्याने कठड्याला हात लावला. तेवढ्यात वरचा दिवा मालवला, आणि बाईंच्या काठीचा आवाज जिन्यावर आला. त्या जवळ आल्यावर त्याने बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि शुभरात्री म्हटलं.

ऑक्टोबरपासून संगीत शाळेतला एक मास्तर तुतारी वाजवायला लागला. छान वाजवायचा. हिरोनिम पावणेबाराला यायचा बंद झाला. यागोदा बरी होऊन कामावर गेल्याचं बोगुमीलला फुलवालीकडून कळलं. बापाने तिच्यासाठी वाजवलं हे तिच्यापर्यंत पोचलं का, ते कोणाला विचारायचं?

गावात हिरोनिम दिसायचा. लोक त्याच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, लहान मुलाशी बोलावं तसे. दुकानदारीण सुटे पैसे त्याच्या तळहातावर एकेक करून ठेवायची. तो मान हलवून आभार मानायचा. बोगुमील दुकानाच्या काचेतून हे बघायचा आणि भिंग डोळ्याला लावायचा.

असं दोन वर्षं चाललं. दर सणाला बोगुमील मनाशी ठरवायचा, की या वेळी त्याच्या घरी जायचं. एकदा जिन्यापर्यंत गेलाही होता.

शेवटची भेट नोव्हेंबरातल्या शनिवारी, तटबंदीच्या आतल्या बाजारात झाली. बोगुमील बटाट्यांच्या ढिगासमोर पिशवी उघडून उभा होता, आणि शेजारी हिरोनिम येऊन उभा राहिला. खांदे उतरले होते, पण डोळे तसेच लख्ख. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. सांगायचं तर आत्ताच, असं बोगुमीलला वाटलं. त्याने घसा साफ केला.

"हिरोनिम, मला तुम्हाला..."

"हे घेऊ नका," हिरोनिम विक्रेत्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला. "आतून काळे निघतात. मागच्या आठवड्यात निम्मे फेकले."

"मग कुठले घेऊ?"

"त्या टोकाला निळ्या रुमालवाली बाई आहे, तिच्याकडचे. सूपाला हवेत की तळायला?"

"सूपाला."

"मग पिवळे मागा."

"बरं," बोगुमील म्हणाला.