रोजची संध्याकाळ

पिकल्या चिकूंचा वास आला, की तलासरीहून डहाणूला परतणारी एसटी आठवते. तलासरीच्या शाळेत आजी माझ्याच वर्गाची शिक्षिका होती, आणि तिथे तिला बाईच म्हणायचं, हा तिचा नियम होता. एकदा वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, "बाई, मला आजी नाय. मी तुमालाच आजी म्हणू?" "म्हण की गं!" आजी म्हणाली. परतताना मी रुसून खिडकीकडे तोंड केलं, आजीने पुढे केलेला अर्धा चिकूही घेतला नाही. "तिला चालतं, मग मला का नाही?" तिने चिकू माझ्या मुठीत ठेवला. "तिला घरी हाक मारायला कुणी नाही, बाळा. तुला रोजची संध्याकाळ आहे ना?" आजी गेली, त्याला वर्ष होत आलं. आज डहाणूतल्या आमच्या मसोलीच्या घरात चिकू पिकलेत, संध्याकाळही झालीय, आणि हाक मारायला आता मलाही कुणी नाही.